पर्वतीच्या पायऱ्या आणि माझे डोके

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टींची एकाएकी आठवण होते: आयुर्विमा आणि व्यायाम. विमा मी उतरवलेला होता. म्हणून एके दिवशी भल्या पहाटे, चहासुद्धा न घेता, मी पर्वती गाठली.

निम्म्या पायऱ्या चढलो असेन, तोच "नमस्कार सर!" असे म्हणत माझ्याच वर्गातली दोन पोरे शेजारून पळत गेली. हजेरीत नेहमी मागे असणारी पोरे पायऱ्यांवर पुढे जावीत, हे मला रुचेना. दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून मी त्यांच्या मागे धावलो. देवदेवेश्वराच्या दारात पोहोचलो तेव्हा १०३ पायऱ्या संपल्या होत्या आणि डोक्यात घण पडू लागले होते.

तीन दिवस हेच चालले. घरी मी अवाक्षर काढले नाही. पण वर्तमानपत्राआड माणूस लपतो, बामाचा वास लपत नाही.

"अहो, माझे बाबासुद्धा 'काही नाही, काही नाही' असंच म्हणत होते," एवढेच पत्नी म्हणाली. मी निमूटपणे डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी रक्तदाब मोजला, मान वाकवून पाहिली. म्हणाले, "व्यायामानं पहिल्यांदा डोकं दुखलं की आधी तपासणी, मग बाम. वीज कोसळल्यासारखं एकदम दुखलं, उलटी झाली, मान ताठरली, एकाचे दोन दिसले किंवा छातीत दुखलं, तर तडक इस्पितळ गाठायचं."

सुदैवाने माझे दुखणे साधे निघाले. असले दुखणे ठणकते, पण दोन दिवसांच्या आत थांबते. उन्हात आणि उंच डोंगरांवर ते अधिक गाठते. "पर्वती त्यात धरू नका!" डॉक्टर हसले. मग पथ्य सांगितले: पाणी पिऊन, थोडे खाऊन निघा, आधी दहा मिनिटे सपाटीवर चाला, वेग हळूहळू वाढवा, श्वास कोंडू नका, ऊन चढण्याआधी परता, झोप मोडू नका. इतके करूनही दुखलेच, तर आधी घ्यायचे औषध असते. पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, दुकानदाराच्या नव्हे.

आता आम्ही दोघे पर्वतीला जातो. पोरे नमस्कार करून पुढे पळतात. मी थांबून घोटभर पाणी पितो.

"डोकं दुखतंय का?" पत्नी विचारते.

"नाही," मी म्हणतो. हल्ली ते खरे असते.