दहा मिनिटांचे आकाश

रेडिओ म्हटला की बहुतेकांना बातम्या आणि गाणी आठवतात. परंतु जगात असेही लाखो लोक आहेत, की ज्यांचा रेडिओ नुसता ऐकत नाही, तो बोलतोही. आपापल्या देशाच्या सरकारची परीक्षा देऊन ते परवाना मिळवतात. सरकार त्यांना अक्षरे व अंक यांचे एक संकेतनाम देते. आणि मग घराच्या एखाद्या कोपऱ्यात मांडलेल्या यंत्रावरून ते देशोदेशीच्या समानशील मंडळींशी संवाद साधतात. या संवादातून पैसा मिळवायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. म्हणून त्यांना हौशी रेडिओचालक म्हणतात. ते स्वतःला ‘हॅम’ म्हणवून घेतात.

माणसाची हौस भूमीवर थांबत नाही. सोव्हिएत रशियाने १९५७ साली पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला, त्याला पुरती पाच वर्षेही झाली नव्हती, तोच अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातल्या काही हॅम मंडळींनी फावल्या वेळात एक उपग्रह तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेचार किलो. अग्निबाणाचा तोल साधण्यासाठी त्यावर कधी कधी नुसत्या धातूचा भार ठेवावा लागतो. त्या भाराच्या जागी या पाहुण्याला बसू देण्यात आले. १२ डिसेंबर १९६१ रोजी ‘ऑस्कर १’ आकाशात गेला. तारायंत्राच्या लिपीत आधी चार टिंबे, मग दोन टिंबे, म्हणजे ‘हाय’ एवढा एकच शब्द तो बोलत असे. बावीस दिवस तो बोलत राहिला. त्या अवधीत अठ्ठावीस देशांतील पाचशे सत्तरहून अधिक हॅमनी तो शब्द ऐकला आणि आपापल्या नोंदी कळवल्या. त्या शब्दाची गती उपग्रहाच्या पोटातील उष्णतेप्रमाणे कमी-अधिक होत असे. त्यामुळे घड्याळ घेऊन टिंबे मोजणाऱ्या माणसाला अवकाशात किती ऊन आहे, हे आपल्या अंगणात बसून सांगता येई!

येथे बोलणारा एक होता आणि ऐकणारे शेकडो. शिष्टाचाराचा प्रश्न अजून उद्भवला नव्हता. तो उद्भवला ९ मार्च १९६५ नंतर. त्या दिवशी सुटलेला ‘ऑस्कर ३’ पृथ्वीवरून आलेला आवाज झेलून तो पुन्हा पृथ्वीकडे पाठवू शकत होता. याचा अर्थ, आता त्याच्यामार्फत कोणीही कोणाशीही बोलू शकत होते. आणि जेथे कोणीही बोलू शकतो, तेथे कोणी केव्हा गप्प बसावे हे ठरवावे लागते.

सौदी अरेबियाचा ‘सौदी-ऑस्कर ५०’ हा चिमुकला उपग्रह २० डिसेंबर २००२ रोजी बायकोनूर येथून उडाला. त्याच्या उदाहरणावरून हा प्रश्न चांगला समजतो. त्याचा प्रक्षेपक अवघ्या पाव वॉटचा. हातविजेरीच्या दिव्यालाही याहून अधिक शक्ती लागते. पण उंचीचे माहात्म्य मोठे असते. सहाशे-सातशे किलोमीटर उंचीवरून तो नागपूरच्या माथ्यावर आला, की मस्कत, ताश्कंद, श्रीलंका आणि बँकॉक या सर्वांवर एकाच वेळी त्याची नजर पडते. या विस्तीर्ण प्रदेशातील वाटेल त्या हॅमला त्याच्यामार्फत बोलता येते. मात्र तो थांबत नाही. एका क्षितिजावर उगवून दुसऱ्या क्षितिजावर मावळायला त्याला फार तर दहा-बारा मिनिटे लागतात. त्यातच त्याची वाट अगदी एकेरी. एका वेळी एकाचाच आवाज तीतून जातो. दोघे एकदम बोलले तर प्रबळ तरंग दुर्बळाला झाकून टाकतो, आणि दोघे समबळ असले तर दोघांचेही शब्द विरून केवळ एक कर्कश किंकाळी उरते. हजारो किलोमीटरांचा मुलूख, दहा मिनिटांचा वेळ आणि एक वाट! या वाटेवर पोलीस नाही, पंच नाही, घंटा वाजवून ‘वेळ संपली’ असे सांगणारा कोणी नाही.

म्हणून जाणते हॅम नवख्याला पहिली गोष्ट शिकवतात ती बोलण्याची नव्हे, ऐकण्याची. उपग्रहाचा आवाज स्वतःच्या कानी स्पष्ट पडल्याखेरीज ध्वनिक्षेपकाची कळ दाबावयाची नाही. हे वाटते तितके सोपे नाही. दुरून येणाऱ्या आगगाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती भासते, तसेच धावत्या उपग्रहाच्या तरंगांचे होते. ते ठरल्या जागेपासून सरकतात, आणि ग्राहकाची खुंटी सारखी त्यांच्यामागे फिरवावी लागते. ज्याने ती फिरवली नाही, त्याच्या कानी केवळ खरखर येते. त्याला वाटते, आकाश रिकामेच आहे. आणि तो मोठ्याने हाका मारू लागतो. वस्तुतः त्याच वेळी मस्कत आणि मुंबई यांचा संवाद चाललेला असतो, तो त्याच्या हाकेखाली चिरडून जातो. आपण कोणाचे काय बिघडवले याचा त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो! हॅम लोकांच्या बोलीत अशा माणसाला ‘मगर’ म्हणतात. तोंड मोठे, पण कान नाहीत.

यावर उपाय आहे, आणि तो उपग्रहाच्या रचनेतच दिलेला आहे. बोलण्याची कंप्रता निराळी आणि ऐकण्याची निराळी असल्यामुळे, कानाला हेडफोन लावून बोलणाऱ्याला आपलाच आवाज आकाशातून परत येताना ऐकता येतो. तो स्वच्छ आला तर बोलणे उपग्रहापर्यंत पोहोचले. अडखळत आला तर दुसरे कोणी बोलत आहे असे समजून कळ सोडावी. स्वतःचे बोलणे दुसऱ्याच्या कानाने ऐकण्याची ही सोय सभेत व्याख्यान देणाऱ्यांनाही मिळती, तर पुष्कळ सभा लवकर आटोपल्या असत्या.

दुसरी गोष्ट मितभाषित्वाची. भूमीवरच्या रेडिओवर हॅम तासन् तास गप्पा मारतात; हवामान, यंत्रे, बागकाम, कोणताही विषय त्यांना वर्ज्य नसतो. या एकेरी उपग्रहावर मात्र आपले संकेतनाम, समोरच्याचे संकेतनाम आणि आपल्या ठिकाणाचा चौकोन, एवढ्यात संभाषण पुरे होते. साऱ्या पृथ्वीवर रेघा मारून हॅम मंडळींनी तिचे लहान लहान चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकास दोन अक्षरे व दोन अंक असे नाव दिले आहे. पुण्याचा चौकोन ‘एम-के ६८’, तर कोल्हापूरचा ‘एम-के ७६’. पुण्याच्या हॅमने ‘एम-के ६८’ एवढे म्हटले, की बँकॉकच्या हॅमला नकाशावर बोट ठेवता येते. मग दोघेही ‘त्र्याहत्तर’ म्हणून निरोप घेतात. हा आकडा तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला. त्याचा अर्थ ‘शुभेच्छा’.

आपल्याच ओळखीच्या मित्राशी दररोज तेच ते बोलून ही दहा मिनिटे संपवणे कायद्याने गुन्हा नाही. तरीही ते उणेपणाचे समजतात. एखादा हॅम पाठीवर यंत्र घेऊन ज्या चौकोनात कोणी हॅमच राहत नाही अशा माळरानावर किंवा बेटावर गेलेला असतो. तो उद्या तेथे नसेल. त्याचा आवाज आला, की घरबसल्या बोलणाऱ्यांनी बाजूला व्हावे, असा संकेत आहे. त्याहूनही अधिक जपावे लागते ते नवख्याला. मोजपट्टीच्या पोलादी पट्ट्या कापून त्याने घरीच एरियल तयार केलेला असतो. एका हाताने तो उपग्रहाच्या दिशेने धरून दुसऱ्या हातातल्या पाच वॉटच्या यंत्रावर तो आपले संकेतनाम उच्चारतो. त्याचा आवाज क्षीण असतो, शब्द चुकतात, पहिल्या हाकेला कोणी उत्तर दिले नाही तर तो पुन्हा धजावेलच असे नाही. अशा वेळी एखादा अनुभवी हॅम इतरांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो आणि त्याला नावाने साद घालतो. ही गोष्ट कोणत्याही नियमावलीच्या धाकाने होत नाही. पॉल सेगल या अमेरिकन हॅमने १९२८ साली हॅमच्या अंगी असावयाचे सहा गुण लिहून ठेवले, त्यांत दुसऱ्याविषयीची जाणीव या गुणाला त्याने पहिले स्थान दिले. त्या काळी आकाशात एकही उपग्रह नव्हता!

सर्वच उपग्रह एकेरी वाटेचे नसतात. भारताने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘हॅमसॅट’ सोडला. बेचाळीस किलोंच्या या उपग्रहात ध्वनी झेलून परत पाठवणारी दोन यंत्रे होती. एक भारतात तयार झालेले आणि दुसरे हॉलंडमधील एका हॅम विद्यार्थ्याने बनवलेले. या यंत्रांतून एकाच वेळी अनेक जोड्यांना शेजारीशेजारी बोलता येई. येथे गर्दीचा प्रश्न मिटला. पण त्याच्या जागी वाटणीचा प्रश्न आला. उपग्रहाजवळ जेमतेम वॉटभर शक्ती, आणि तीच सर्वांच्या आवाजांत विभागून जायची. जो जितक्या जोराने बोले, त्याच्या वाट्याला तितका मोठा हिस्सा जाई आणि बाकीचे आवाज तितकेच खाली दबत.

खानदेशात पांझरेच्या काठी फडाची जुनी रीत आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतोशेती जाते. वरच्याने आपले दार गरजेपेक्षा अधिक वेळ उघडे ठेवले, तर शेवटच्या शेतातले पीक वाळते. तेथे पाणी वाटून देण्यास पाटकरी नेमलेला असतो. हॅमसॅटला पाटकरी नव्हता. ज्याचे यंत्र शंभर वॉटचे, त्याने स्वतःच ते पाच-दहा वॉटवर आणून ठेवावे, एवढाच उपाय. त्याचा आवाज ऐकू येण्यास तेवढी शक्ती पुरत होती. अधिक शक्तीने फक्त दुसऱ्याचा आवाज बंद होत होता. नऊ वर्षे हॅमसॅटने देशोदेशीच्या हॅमची सेवा केली. पुढे त्याच्या विद्युत्घटांनी दगा दिला आणि जुलै २०१४ मध्ये तो सेवेतून निवृत्त झाला.

विद्युत्घटांची कथा सर्वांत विलक्षण आहे ती ‘ऑस्कर ७’ ची. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सुटलेला हा उपग्रह १९८१ मध्ये विद्युत्घट निकामी होऊन मुका झाला. एकवीस वर्षे तो निर्जीवपणे फिरत होता. २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधील एका हॅमला त्याचा आवाज अकस्मात ऐकू आला! बिघडलेल्या घटातील जोड तुटला होता, आणि त्यामुळे सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यांची वीज थेट यंत्राला मिळू लागली होती. तेव्हापासून तो उन्हात जागा होई आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच निजे. शिलकीत काहीच नसल्यामुळे, कोणी अधिक शक्तीने बोलले की साऱ्या उपग्रहाचा सूर डळमळे आणि प्रत्येकाचा आवाज कापऱ्या माणसासारखा येई. या वृद्धाशी कसे हळू बोलावे, हे हॅमना मग कोणी वेगळे सांगावे लागले नाही. ज्यांना सांगावे लागले, त्यांना त्या कापऱ्या आवाजानेच सांगितले.

कतार देशाने १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेल्या उपग्रहावर हॅमसाठी जागा राखण्यात आली, तेव्हा निराळी युक्ती योजिली गेली. हा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर एकाच स्थानी उभा राहतो आणि ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा प्रदेश त्याच्या टप्प्यात येतो. त्यावरून एक मार्गदर्शक संकेत अखंड चालू असतो. कोणाचाही आवाज त्या संकेताहून मोठा होता कामा नये. झाला, तर त्याच्या शब्दांवर आपोआप एक भोंगा वाजू लागतो आणि अपराधी कोण हे अर्ध्या जगाला कळते. ही युक्ती उपयोगी आहे यात शंका नाही. तथापि भोंगा वाजेपर्यंत वाट न पाहणाऱ्या माणसाची सर तिला येणार नाही.

हे सारे संयम कोणत्या प्रसंगी फळाला येतात, ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून जो संवाद होतो, त्यात दिसते. या स्थानकावर हॅम रेडिओ आहे, आणि तेथील अंतराळवीर ठरलेल्या दिवशी शाळांतील मुलांशी बोलतात. या उपक्रमातील पहिला शालेय संवाद २१ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील एका शाळेशी झाला. स्थानकावरून विल्यम शेफर्ड बोलत होते. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी भारतातील विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना अशीच उत्तरे दिली. अशा संवादाला मिळणारा अवधी सुमारे दहा मिनिटांचा. मुले आधीपासून रांगेत उभी असतात, प्रत्येकाच्या हातात एकेका प्रश्नाची चिठ्ठी असते. एकाचा प्रश्न लांबला तर रांगेतील शेवटच्याचा प्रश्न राहून जाणार, हे त्यांना शिक्षकांनी बजावलेले असते.

त्या वेळी खाली हजारो किलोमीटरांच्या टापूत शेकडो हॅम आपापल्या यंत्रांपुढे बसलेले असतात. अंतराळवीराचा आवाज त्यांनाही ऐकू येतो. मुलांचे प्रश्न त्यांना ऐकू येत नाहीत. फक्त उत्तरे येतात, आणि त्या उत्तरांवरून मुलाने काय विचारले असेल हे त्यांना ताडावे लागते. त्यांच्यापैकी अनेकांच्या हाताशी त्या मुलांच्या यंत्राहून बलवान यंत्रे असतात. एकाने कळ दाबली, तरी प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा आवाज वर पोहोचणार नाही. कळीवरचे हात बाजूला ठेवून ती माणसे ऐकत राहतात. स्थानक क्षितिजाकडे झुकू लागते, शब्दांमध्ये खरखर मिसळू लागते. रांगेतील शेवटची मुलगी घाईघाईने आपला प्रश्न विचारते आणि ‘ओव्हर’ म्हणते. तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ऐकू येते, अर्धे खरखरीत बुडते. आणि मग स्थानक मावळते.