निळेपणा हें लक्षण नव्हे

अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यांनीं अभ्यासिला आहे, त्यांस लक्षणाचे तीन दोष स्मरत असतीलच. गाय म्हणजे कपिल वर्णाचा पशु म्हटलें, तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ति. शिंगें असलेला पशु म्हटलें, तर म्हशीहि आंत येतात, ही अतिव्याप्ति. अखंड खुराचा पशु म्हटलें, तर एकहि गाय सांपडत नाहीं, हा असंभव. हें जुनें शास्त्र फुलपाखरें ओळखण्याच्याहि कामीं येतें, असा आमचा अलीकडचा अनुभव आहे.

आमच्या गोंदियाच्या घरीं पावसाळा सरतां सरतां अंगणांत नखाएवढीं निळीं फुलपाखरें जमिनीलगत उडूं लागतात. "आजोबा, ह्याचें नांव काय?" असें नातीनें विचारलें. 'निळें फुलपाखरूं' एवढ्यानें तिचें समाधान होईना, आणि तें योग्यच होतें. निळीं फुलपाखरें अनेक जातींचीं असतात, म्हणून ह्या लक्षणांत अतिव्याप्ति. आणि त्याच जातीची मादी वरून तपकिरी असते, म्हणून अव्याप्ति!

खरें लक्षण पंखांच्या खालच्या बाजूस असतें. फुलपाखरूं पंख मिटून बसलें म्हणजे ती दिसते. करड्या पृष्ठावर काळसर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोंवतीं पांढरट कड. गवतालगत वावरणाऱ्या चार जाती येथें पारखावयाच्या: पेल ग्रास ब्लू, डार्क ग्रास ब्लू, लेसर ग्रास ब्लू व टायनी ग्रास ब्लू. पुढील पंखाच्या मुळाकडे शिरांनीं वेढलेला एक लांबट कोठा असतो. त्याच्या टोंकाची आडवी रेघ चौघांसहि असते, ती जमेस धरूं नये. कोठ्याच्या आंत ठिपका असेल, तर पहिल्या दोहोंपैकीं एक. नसेल, तर शेवटच्या दोहोंपैकीं. टायनीच्या पुढील पंखाच्या वरच्या कडेशीं जादा ठिपके असतात, लेसरला ते नसतात. पेलचा नर वरून फिकट रुपेरी निळा, तर डार्कचा गडद.

नातीनें मोबाईलवर छायाचित्रें घेऊन मोठीं करून दाखविलीं. कोठ्यांत ठिपका, नर फिकट रुपेरी. अर्थात् पेल ग्रास ब्लू. २०११ सालच्या फुकुशिमा येथील अणुदुर्घटनेनंतर जपानी संशोधकांनीं ह्याच जातीचे पंख व डोळे तपासून त्यांतील विकृतींविषयीं २०१२ सालीं निबंध प्रसिद्ध केला होता.

नांव कळलें तसें अन्नहि कळलें. ह्या जातीच्या अळ्या आंबुशीचीं पानें खातात. आमच्या अंगणांत आंबुशी उदंड. परंतु दिवाळीपूर्वीं सबंध अंगणास फरशी घालण्याचें चिरंजीवांनीं ठरविलें होतें. त्यांचा आग्रह अनाठायीं नव्हता. श्रावणांत आमच्या वडील वहिनी चिखलांत घसरून पडल्या होत्या, आणि त्यांचा हात अद्याप पुरता उचलत नाहीं. फुलपाखरांसाठीं वृद्ध माणसाचीं हाडें धोक्यांत घालावीं, असें आम्ही कसें म्हणणार?

घरांत दोन दिवस बोलणें चाललें. शेवटीं वहिनींनींच तोड काढली: दारापासून तुळशीवृंदावनापर्यंत व न्हाणीपर्यंत फरशी घालावी, कुंपणालगतची माती तशीच राहूं द्यावी. चिरंजीवांनीं तें मान्य केलें. खर्चहि निम्म्यावर आला, हें त्यांच्या हिशेबी स्वभावास मानवलें.

वाचकांच्या अंगणांतहि आंबुशी असेलच. ती उपटण्यापूर्वीं सकाळच्या कोंवळ्या उन्हांत घटकाभर तेथें बसावें, आणि मुलांस तो कोठ्यांतील ठिपका शोधावयास लावावा.