बारचे दार आणि पाचवे शील



जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवर असोदा हे गाव आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरींचे ते माहेर, आणि भरिताच्या वांग्यांसाठी साऱ्या खानदेशात नावाजलेले. गेल्या हिवाळ्यात आमच्या कारखान्यातल्या एका मित्राचे लग्न तिथे झाले. आपल्यात मुहूर्त पाहायचा नसतो, म्हणून सर्वांच्या सुटीचा रविवार धरला होता. आम्ही चौघे मित्र शनिवारीच पोहोचलो. घर लहान आणि पाहुणे फार, म्हणून आमची सोय जळगावच्या एका मोठ्या हॉटेलात केली होती.

संध्याकाळी चहा कुठे मिळतो ते पाहत आम्ही तळमजल्यावरचे एक काचेचे दार ढकलले, तर आत बार! दारूचा गुत्ता म्हणजे पत्र्याचे छप्पर, चिखल, शिवीगाळ आणि दाराशी रडणारे पोर, एवढेच आम्हाला ठाऊक. इथे मंद पिवळा उजेड, गुबगुबीत खुर्च्या, काचेच्या फळ्यांवर चमकणाऱ्या बाटल्या. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. पांढऱ्या सदऱ्यातला वेटर वाकून म्हणाला, "या साहेब, बसा."

खोटे कशाला सांगावे, ते ऐकून आम्हाला बरे वाटले. त्यामागे इतिहास आहे. याच जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावला १९२९ साली बाबासाहेब उतरले, तेव्हा त्यांना बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. अखेर वस्तीतल्या एका नवख्या माणसाने टांगा हाकला. वाटेत अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. पुढे त्याच बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या संविधानाच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांची दारे जातीच्या नावाने बंद ठेवायला मनाई केली. 'या साहेब' या दोन शब्दांची किंमत आपल्या लोकांनी फार मोठी मोजली आहे.

आमच्यातला एक जण म्हणाला, "दार बाबासाहेबांनी उघडून दिले. मग चार लोकांसारखे बसून एकेक घ्यायला काय हरकत आहे?"

प्रश्न सरळ होता, पण तो लग्नाच्या आदल्या दिवशी आला होता. नवरदेवाचे वडील हमाली करीत. हातभट्टीने त्यांना चाळिशीच्या आतच नेले. मावशींनी केळीच्या बागांत मजुरी करून मुलाला शिकवले. या लग्नात मावशींची एकच अट होती, मांडवाच्या आसपास बाटली दिसता कामा नये. दुपारीच त्या आम्हाला म्हणाल्या होत्या, "बाटली काचेची असो नाहीतर फुग्याची, माझं घर तिनंच बुडवलं."

आम्ही बसलो. दरपत्रक पाहिले. एका पेगचा दर बिगाऱ्याच्या दिवसभराच्या मजुरीच्या जवळ जात होता. चार लिंबू-सोडा मागवले. वेटरने तितक्याच अदबीने आणून दिले, कोणी हसले नाही. आम्हाला पटले की आत येऊन बसणे हा आपला हक्क आहे आणि नको म्हणणे हाही आपलाच हक्क आहे. बरोबरी खुर्चीची हवी, प्याल्याची नव्हे.

गरीब प्याला तर तो बेवडा आणि श्रीमंत प्याला तर ती पार्टी, असे समाज म्हणतो. तथागतांनी असा भेद केला नाही. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात त्यांनी मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत. पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते. यातला कोणता तोटा गार हवेच्या खोलीत टळतो? पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, मूळ म्हटले आहे. ज्यांना शतकानुशतके झोपवून ठेवले, त्यांना बेसावध राहणे परवडणारे नाही. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा सतराव्या क्रमांकावर घातली.

दुसऱ्या दिवशी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर वधूवर पांढऱ्या वस्त्रांत उभे राहिले. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिले. पाचवे शील म्हणताना आम्हा चौघांचा आवाज जरा मोठाच निघाला. मग पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या यांवर सारी पंगत तृप्त झाली.

आज आपल्याही लग्नांत हळदीच्या रात्री बाटल्या फुटतात आणि वरात त्याच नशेत निघते. सकाळी पंचशील घ्यायचे आणि रात्री मोडायचे, हे किती दिवस चालणार? वरपित्यांनी आणि वधूपित्यांनी हा खर्च आधीच नाकारावा. तेवढ्या पैशांत वस्तीतल्या एका मुलाची वर्षाची वह्यापुस्तके येतात. भगिनींनो, तुमच्या हातीही बळ आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या महिला मतदारांनी पुरेशा संख्येने 'आडव्या बाटली'ला मत दिले तर तिथले दारूचे दुकान बंद होते.

आणि तरुणांनो, चांगल्या हॉटेलात जरूर जा. ताठ मानेने बसा. लिंबू-सोडा मागवा आणि शुद्धीवर घरी या.

जयभीम! नमो बुद्धाय!