ऑफिसची खुर्ची पुण्यात, मान मात्र दोन्हीकडे

"डॉक्टर, हार्टचं तर काही नाही ना?"

डावा हात चोळत त्या तरुणाने विचारलं. वय सत्तावीस, पुण्याच्या एका आयटी कंपनीत नोकरी. मान आखडलेली, खांद्यापासून निघालेली कळ थेट बोटांपर्यंत, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या. डावा हात म्हटल्यावर घरचे घाबरलेले. सोबत आलेली आई म्हणाली, "दिवसभर बसूनच तर असतंय लेकरू. दुखायला काय झालं?"

ईसीजी काढला, तो नॉर्मल होता. तपासलं तेव्हा मान मागे आणि डावीकडे वळवली की मुंग्या वाढत होत्या. म्हणजे दुखणं मानेतल्या नसेचं होतं. मी गोळ्या दिल्या, शेक आणि विश्रांती सांगितली. आठ दिवसांत बरं वाटलं. महिन्याभराने तो परत आला. पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदा आला तेव्हा मधल्या काळात त्याच गोळ्या मेडिकलवरून स्वतःच आणून खात होता, आणि आता पोटातही जळजळ सुरू झाली होती.

त्या दिवशी मी जो प्रश्न विचारला, तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. "पुण्याला असतोस तेव्हा दुखतं का?"

तो जरा थांबला. "तिकडे कमी असतं सर. इकडं आलो की वाढतं."

"मग इकडं बसतोस कुठं?"

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. खोलीत छताला टेकेल एवढा कापूस. भाव वाढेल म्हणून विकायचा ठेवलेला. त्याच ढिगाला पाठ टेकवून हा गादीवर, आणि समोर लोखंडी पेटीवर लॅपटॉप. घरात रेंज येणारी तेवढी एकच खोली.

पाठ दुखते म्हणून शेतकरी आला, तर मी न चुकता विचारतो की फवारणीचा पंप पाठीवर होता का, निंदायला किती वेळ वाकला होता. या मुलाला मात्र तीन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. लॅपटॉपवरचं काम म्हणजे अंगमेहनत नाही, हे त्याच्या आईइतकंच मीही धरून चाललो होतो.

दुखतं ते का?

आपलं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. मान सरळ असते तेव्हा हे वजन मणके आरामात पेलतात. मान जसजशी पुढे झुकते, तसा मागच्या स्नायूंवरचा ताण वाढत जातो. एका संगणकीय अभ्यासातल्या अंदाजानुसार मान साठ अंशांत वाकली, तर मानेवर सुमारे 27 किलोचा भार येतो.

वाकणं म्हणजे विष नव्हे. घात होतो तो एकाच स्थितीत राहिल्याने. भरलेली कळशी उचलून चार पावलं चालणं सोपं असतं, पण तीच कळशी हात लांब करून दहा मिनिटं धरून बघा. मानेचे स्नायू रोज आठ-नऊ तास तेच करत असतात.

त्यात लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात. हातांच्या सोयीने खाली ठेवला तर मान वाकते. आणि मऊ कापसावर कंबर रुतली की पाठीचा कणा गोल होतो, मान आणखी पुढे येते.

एका नोकरीच्या तीन जागा

25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला आणि पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं लॅपटॉप घेऊन आपल्या तालुक्यात आली. ती सोय तात्पुरती होती. पुढे ऑफिसं उघडली आणि हायब्रिड पद्धत रुळली, म्हणजे काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरून. बऱ्याच कंपन्यांनी त्याप्रमाणे ऑफिसं बदलली. टेबलं कमी केली, ज्या दिवशी येणार त्या दिवसापुरती जागा बुक करायची. घरच्या जागेकडे मात्र फारसं कोणी पाहिलं नाही.

माझ्या पेशंटच्या आठवड्याला अशा तीन जागा होत्या. पुण्यातली चांगली खुर्ची, गेवराईतला कापसाचा ढीग, आणि या दोहोंमधली रात्रीची बस. बसमध्ये मान लोंबकळत सहा-सात तास झोपायचं आणि सकाळी थेट कामाला बसायचं.

अर्धं तिथं, अर्धं इथं ही पद्धत आपल्या बीड जिल्ह्याला नवी नाही. ऊसतोडीला जाणारी माणसं पिढ्यान् पिढ्या हेच करत आली. कंबर फडात मोडते आणि दुखणं गावाकडच्या दवाखान्यात येतं. त्यांच्या कष्टाची या कामाशी तुलना होणार नाही. पण काम एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे असलं की दोन्हींचा मेळ कोणी घालत नाही, ही अडचण सारखीच आहे.

मग करायचं काय?

महागडी खुर्ची घ्या, असं मी त्याला सांगितलं नाही. घरात काय आहे ते विचारलं.

• टेबल म्हणून आईचं जुनं शिलाई मशीन निघालं. डोकं आत दुमडलं की वर सपाट फळी. पाय मोकळे राहतील एवढं बघायचं.

• लॅपटॉपखाली दोन पाट, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते. अंतर साधारण हातभर. कीबोर्ड आणि माउस वेगळे. एवढाच काय तो खर्च.

• साधी खुर्ची, बसायला घडी घातलेली गोधडी, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. कोपरं काटकोनात. पाय लटकत असतील तर खाली पाट किंवा वीट.

• दर अर्ध्या तासाने उठायचं. फोन आला की उभं राहून बोलायचं.

• दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद बघायचं. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात.

• ऑफिसात रोज नवी जागा मिळत असेल, तर पहिली दोन मिनिटं खुर्ची स्वतःच्या मापाची करण्यात घालवायची. काल तिथे कोण बसलं होतं, कोणास ठाऊक.

• बसमध्ये मानेला उशी. आणि शक्य असेल तर सारख्या चकरा मारण्यापेक्षा ऑफिसचे दिवस सलग मागून घ्यायचे. कंपनीला हे विचारण्यात लाज कसली?

घड्याळाचं काय?

घरून काम करताना सुटीची घंटा वाजत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये मांडलं, की आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांमध्ये 35 ते 40 तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त दिसतो. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये असं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर लॅपटॉप मिटायची वेळ आपणच ठरवायची आणि घरच्यांनाही सांगायची.

घरच्यांना यासाठी, की माझ्याकडे येणारी एक सून घरून काम करते. घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असं सगळे धरतात. स्वयंपाक आटोपून ती मीटिंगला बसते, मधे उठावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. वर्षात दोनदा लघवीच्या जंतुसंसर्गाने आली. तिला औषधाइतकीच गरज होती ती घरच्यांनी तिचं काम हे काम मानण्याची.

हे मात्र अंगावर काढू नका

हातापायातली ताकद कमी होणं, वस्तू हातातून निसटणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेभोवती बधिरपणा, दुखण्यासोबत ताप किंवा वजन घटणं, यांपैकी काहीही असेल तर लगेच डॉक्टर गाठा. डाव्या हाताच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा दम असेल, तर मान समजून घरी थांबू नका. आणि वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन् महिने घेऊ नका. पोट आणि किडनी, दोन्हींवर त्यांचा परिणाम होतो.

त्या मुलाला बरं व्हायला दीड-दोन महिने लागले. मानेचे व्यायाम त्याने नेमाने केले, गोळ्या बंद झाल्या. जास्त काम झालं की मान अजून कुरकुरते, असं तो सांगतो. कापूसही विकला गेला. भाव काही फार मिळाला नाही, पण खोली मोकळी झाली.

आता मान किंवा पाठ धरून कोणी तरुण आला, की मी आधी विचारतो, "बसतोस कुठं? फोटो दाखव." तुम्हीही दवाखान्यात येताना तो फोटो घेऊन या.