मास्तरच्या वाटेने आटपाडीला

घराबाहेर पडलेलं कोवळं पोर, वाटेत भेटलेली अनोळखी माणसं आणि त्यांच्यात वावरताना त्याला लागलेली स्वतःची ओळख, अशा इंग्रजी कादंबऱ्या हल्लीची मुलं भराभर वाचतात. माझ्याच वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, असं मराठीत काय आहे?" मी तिच्या हातात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ठेवली. 1955 सालची कादंबरी. तिच्यात मोटारीतली भटकंती नाही. राजाराम सौंदणीकर नावाचा पोरसवदा मास्तर गाठोडं घेऊन पायी निघतो आणि माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत पोचतो, एवढाच काय तो प्रवास. पण मला खरोखरीच्या प्रवासाला बाहेर काढलं ते याच पुस्तकाने.

2013 चा उन्हाळा होता. माण, खटाव, आटपाडी या भागात दुष्काळाने कहर केला होता. मी साताऱ्याला शिकत होते. परीक्षा संपली, वसतिगृह रिकामं व्हायला लागलं. मैत्रीण म्हणाली, आटपाडीला माझी आत्या आहे, जायचं तर जा. घरी फोन करून सांगितलं आणि सकाळी सातारा स्टँडवरून एस.टी. धरली. पिशवीत कपड्यांचा एक जोड आणि 'बनगरवाडी'.

कोरेगावपर्यंत उसाची, आल्याची शेतं अधूनमधून दिसत होती. पुसेगाव मागे पडलं आणि हिरवा रंग संपलाच. दहिवडीच्या पुढे तर नुसते माळ, आणि रस्त्याने गाडीला आडवे येणारे पाण्याचे टँकर. माझ्या शेजारी दहिवडीला एक मावशी येऊन बसल्या. मांडीवर बोचकं, त्यातून भाकरीचा वास येत होता.

"एकटीच निघालीस व्हय गं?"

"हो."

"कुणाकडं?"

"आटपाडीला. मुलूख बघायला."

"काय बघायचं ऱ्हायलंय हितं?" असं म्हणून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग गोंदवल्याच्या आसपास त्यांनी ठरवूनच टाकलं, "म्हसवडला उतर माझ्यासंगं. दोन घास खा, मागनं दुसरी गाडी हाय."

मी उतरले. त्यांचं बिऱ्हाड तेव्हा घरात नव्हतं, चारा छावणीत होतं. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने छावणी उभारली होती. तिथे गुरांच्या दावणीशेजारीच ताडपत्री आणि जुनी लुगडी ताणून माणसांनी खोपटं केली होती. दावणीला वैरण, पलीकडे चूल, चुलीपाशी अभ्यासाला बसलेलं पोर. गाय-बैल जगले तर आपण जगू, या एका हिशेबावर अख्खी कुटुंबं गाव सोडून तिथे येऊन राहिली होती.

जेवण झाल्यावर मावशींनी बोचक्याच्या तळातून घडी घातलेला कागद काढला. "शिकलीस न्हवं? वाच." बोरमाळ गहाण ठेवून काढलेल्या कर्जाचं ते पत्र होतं. भाषा अशी की मलाच दोनदा वाचावं लागलं. मुदत कधी संपते, तोपर्यंत व्याज किती भरायचं, ते मी साध्या शब्दांत सांगितलं. त्यांनी तारीख पुन्हा एकदा वदवून घेतली आणि पदराच्या टोकाला करकचून गाठ मारली. तेवढ्यात शेजारच्या खोपटातली बाई तिचा कागद घेऊन आली. तिच्यामागून एक म्हातारबाबा. कुणाचं वीजबिल, कुणाच्या पोराच्या दाखल्याचा अर्ज. ऊन कलेपर्यंत मी तिथे मांडी घालून वाचत आणि लिहीत होते. चहा दोनदा आला. माझं आडनाव, जात, गाव असं काहीही कुणी विचारलं नाही. "मास्तरीणबाई" म्हणायला मात्र लागले.

पुस्तक माझ्या पिशवीतच होतं, पण ते मला कळायला लागलं त्या दावणीपाशी. राजाराम मास्तर वाडीत येतो तेव्हा शाळेत पोरं नसतात. पोरं मेंढरांमागे रानात. मग तो धनगरांचे कागद वाचतो, त्यांची बारीकसारीक कामं करतो, भांडणं निस्तरतो. म्हातारा कारभारी त्याला आधार देतो आणि एकदा त्याच्यावर संशयही घेतो. जोडीला दुसरा बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः बैलाशेजारी उभी राहते, ते मास्तर डोळ्यांनी बघतो. 'मी कोण' असा प्रश्न माडगूळकर त्याला एकदाही पडू देत नाहीत. लोकांच्या कामात तो इतका गुंततो की मोठा होतो, आणि मोठं झाल्याचं त्याला सांगावंही लागत नाही. मला ही या कादंबरीची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

संध्याकाळी मागची गाडी धरली, तर दिघंचीच्या अलीकडे ती बंद पडली. दुसरी येईपर्यंत आम्ही उतारू रस्त्याकडेला उभे होतो. खालच्या पडीक रानात एक धनगर वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावत होता. त्याच्या खांद्यावरच्या झोळीत नुकतंच जन्मलेलं कोकरू होतं. हात मोकळे व्हावेत म्हणून त्याने ते सरळ माझ्याकडे दिलं. ओलसर लोकर, दुधाचा आंबूस वास, आणि बोटांखाली धडधडणारं इवलं काळीज. "छावणी गुरास्नी, मेंढराला न्हाई," तो वाघरीची खुंटी ठोकत म्हणाला. मेंढी कळपात ओरडायला लागली तसं मी कोकरू तिच्यापुढे सोडलं. ते लुटलुटत जाऊन तिच्या कासेला लागलं.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी मला माडगूळकरांच्या माडगुळ्याला पाठवलं. व्यंकटेशांचे थोरले भाऊ गदिमा जिथे लिहायला बसत तो 'बामणाचा पत्रा' पाहिला. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरबद्दलही आत्यांनीच सांगितलं. आटपाडीचा हा मुलूख स्वातंत्र्याआधी औंध संस्थानात होता. 1939 मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत वसवली. शिक्षा झालेली माणसं तिथे भिंतींशिवाय, बायकामुलांसह शेती करत राहू लागली. या प्रयोगावरूनच गदिमांनी 'दो आँखें बारह हाथ' (1957) हा चित्रपट लिहिला. अनोळखी माणसावर आधी विश्वास टाकायचा, ही या मातीची जुनीच रीत आहे असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. पुढे 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, 1949 मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला, त्याचंच नाव पुढे सांगली झालं. जिल्ह्याची हद्द बदलली, पण म्हसवड आणि आटपाडीची बोली, जत्रा आणि दुष्काळ एकच राहिले.

कादंबरीत मास्तरच्या मनात तालीम बांधायचं येतं, धनगर अंगमेहनतीने ती उभी करतात, खुद्द राजा उद्घाटनाला येतो. नंतर पाऊस पाठ फिरवतो. वाडी मेंढरं घेऊन निघून जाते, आणि मास्तरलाही निघावं लागतं. तरुणांसाठीच्या पुस्तकांत शेवटी काहीतरी पदरात टाकायची घाई असते. माडगूळकरांनी ती केली नाही, आणि म्हणूनच सतरा-अठरा वर्षांच्या वाचकाला ते खरं वाटतं.

त्या प्रवासानंतर मी डी.एड.ला गेले. आज सांगली जिल्ह्यातच एका शाळेत शिकवते. टेंभू योजनेचं पाणी आता आटपाडीत आलं आहे, माळावर डाळिंबाच्या बागा आहेत, तरी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडे निघालेले धनगरांचे वाडे अजून दिसतात.

'बनगरवाडी' पातळशी आहे, दोन बैठकांत वाचून होते. पालकांना आणि शिक्षकांना माझं सांगणं एवढंच, की ती परीक्षेच्या प्रश्नांसाठी राखून ठेवू नका. दहावी-बारावीच्या सुट्टीत पोरांच्या, आणि पोरींच्याही, हातात द्या, आणि वाचून झाली की एकदा त्यांना आटपाडीच्या एस.टी.त बसवा.