टाकी तयार, पाहुणा वेगळा

माझ्या लेकीला ॲक्सोलॉटल पाळायचा होता. माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये २०२१ साली हा प्राणी आला आणि त्या वाटेने बाभुळगावात आमच्या घरीही पोचला. मूळचा मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला उभयचर. जन्मभर कल्ले घेऊन पाण्यातच राहतो, तुटलेला पाय त्याला पुन्हा फुटतो. पण पाणी लागतं १६ ते १८ अंशांचं. २४च्या वर गेलं की तो खंगू लागतो. आणि आमचा मे महिना तर जगजाहीर. "काहून नाही घ्यायचा, बाबा?" यावर मी अट घातली: आधी टाकी तयार करू, उन्हाळाभर पाण्याचं तापमान वहीत लिहू, मग वही सांगेल तसं.

हिवाळ्यात यवतमाळहून तीन फुटी काचेची टाकी आणली. तळाशी चाळलेली बारीक वाळू घातली, कारण ॲक्सोलॉटल भक्ष्यासोबत खडेही ओढून गिळतो आणि ते पोटात अडकतात. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर बसवला. नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास यायचा. क्लोरीन जंतू मारतं आणि आम्हाला तर जंतूच वाढवायचे होते, म्हणून ते पाणी बादल्यांत उघडं ठेवून, वास गेल्यावर टाकीत ओतलं.

मग रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर मासळीखाद्य. शेजारच्या काकू विचारायच्या, "पाण्याले जेवू घालता काय?" खरं तर तेच चाललं होतं. खाद्य कुजलं की अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं. नायट्रेट थोडं असलं तर चालतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जीवाणू मुख्यतः स्पंजात वस्ती करतात, म्हणून तो नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

तपासणीच्या थेंबांनी अमोनियाची नळी हिरवी व्हायची, पुढे नायट्राइटची जांभळी. थंडीत हे काम रेंगाळलं. संक्रांतीनंतर पाणी कोमट झालं तसा वेग आला. जीवाणूंना मानवणारी ऊब ॲक्सोलॉटलला मात्र सोसत नाही, हे लेकीला तिथेच उमगलं. शेवटी रोजच्या खाद्याचा अमोनिया एका दिवसात पचून दोन्ही विषं शून्यावर आली, तेव्हा टाकी तयार झाली. वीज गेली की स्पंजातल्या जीवाणूंना प्राणवायू मिळत नाही, म्हणून बॅटरीवरचा पंप जोडून ठेवला.

एप्रिलपासून वही भरू लागली. पाण्यावर पंखा सोडला. आपला माठ गार होतो त्याच न्यायाने बाष्पीभवनाने काही अंश उतरले. तरी मे महिन्यात पाणी २८च्या खाली आलं नाही. चिलर लावता आला असता, पण भर दुपारी वीज गेली तर काय? वही मिटली.

टाकीत आता गप्पी मासे आहेत, डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं विहिरींत सोडतं तेच. तेही मूळचे अमेरिका खंडातले, पण उष्ण भागातले, त्यामुळे आमचं पाणी त्यांना मानवतं. थोडे थोडे करून सोडले. एकही दगावला नाही. लेक म्हणते, मोठी झाल्यावर थंड गावात नोकरी करीन आणि तिथे ॲक्सोलॉटल पाळीन. जाताना नवा स्पंज विकत घेणार नाही म्हणते. ओला ठेवून हाच नेला की तिथली टाकी लवकर तयार होईल, हे तिला पक्कं ठाऊक आहे.