शेरभर तांदूळ, शेरभर गूळ

बदलापूर (पूर्व),
रविवार

ती. मावशीस सा. न.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुला धड चहा जमत नाही आणि पाकपुस्तकं कसली जमवतोस!" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे.

श्याम जोशी सरांनी आमच्या गावात ‘ग्रंथसखा’ उभं केलं, तिथे मला जुन्या मराठी पुस्तकांची चटक लागली. पण पाकपुस्तकं दुर्मीळ का, ते उल्हासनगरच्या रद्दीत कळलं. कादंबरी कपाटात राहते, पाकपुस्तक ओट्यावर. तेल, वाफ, झुरळं आणि दर दिवाळीला चार ओले हात. बरं, घर आवरताना पोथ्या देव्हाऱ्यात जातात, हे मात्र थेट किलोवर. रामचंद्र सखाराम गुप्त्यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 चं. त्याची मूळ प्रत मला कुठून मिळणार? लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 चं, हजार पाकक्रियांचं; त्याच्यासाठी अंबरनाथच्या दोन रद्दीवाल्यांना सांगून ठेवलंय. दोघंही दर वेळी ‘रुचिरा’ काढून देतात. माझ्याकडे आता चार झाल्या.

तिथेच, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, एकदा हिशोबाची वही हाती आली. आत अरबी वळणाची सिंधी लिपी. दुकानदाराला वाचता येईना. त्याने वही आत नेऊन आईला दाखवली. म्हातारी दारात येऊन साई भाजीचं पान मोठ्याने वाचू लागली आणि मधेच थांबून म्हणाली, इथे पालक कमी सांगितलाय. वही अर्थातच मला मिळाली नाही.

मिळालं ते एक मराठी पुस्तक. मुखपृष्ठ नाही, पहिली आठ पानं नाहीत. समासात कुणीतरी पेन्सिलीने बारीक टिपणं केलेली. मी शहाण्यासारखं ते बांधायला दिलं आणि बाइंडरने कडा सरळ करताना निम्मी टिपणं कापून टाकली. "गूळ जरा" एवढंच उरलंय. जरा काय? कमी की जास्त?

कारण कृती अनारशांची आहे: शेरभर तांदूळ, शेरभर गूळ. मी 80 तोळ्यांचा शेर धरला, म्हणजे 933 ग्रॅम, आणि दोन्ही काट्यावर तोलून घेतले. सगळे अनारसे तुपात हसले. सौ. हसली नाही, तूप साडेसातशे रुपये किलोचं होतं.

मग डोक्यात आलं, तांदूळ कोण तोलत होतं? तो मापाने, गूळ वजनाने. शब्द एकच, शेर दोन. लिहिणाऱ्या बाईला हे सांगायची गरजच वाटली नसणार. तिच्या वाचणारणीच्या घरात दोन्ही होते. 1956 च्या कायद्याने किलो आला आणि शेर हळूहळू विसरला गेला. कमलाबाई ओगल्यांनी 1970 मध्ये ‘रुचिरा’त वाटी-चमचा धरला तो किती हुशारीने, हे मला आता समजतंय.

तर काम असं. तुझ्या माळ्यावर आजीचं मापटं आहे, कडीला चिंधी बांधलेलं. दोन मापट्यांचा शेर, हे तूच मला शिकवलंस. ते घासून, जुने तांदूळ शिगेला नव्हे, सपाट भर आणि किराणावाल्याकडे तोलून घे. दोनदा तोल. आकडा फोनवर सांगू नकोस, मला ऐकू नीट येत नाही, पोस्टकार्डावर लिही.

तुझा,
बंड्या